पुष्पावतीची दरी पुष्पावतीने कोरलेली नाही

बोरिवलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. जुलैच्या शेवटी त्या, त्यांचे यजमान आणि अकरावीतला मुलगा हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आले. फुलं पाहिली, फोटो काढले, पण मुलगा तिथून एक शंका घेऊन परतला. दरी चांगली दोन किलोमीटर रुंद, दोन्हीकडे ढगांत शिरणाऱ्या भिंती, आणि तळाशी पुष्पावती नदी मात्र जेमतेम आपल्या दहिसर नदीएवढी. एवढ्याशा नदीने एवढी दरी कोरली कशी? वाटाड्याने सांगितलं, "पहले नदी बहुत बड़ी थी." ते खरं का? दरीच्या खालच्या मुक्कामाजवळ, घांगरियापाशी, तीच नदी एकदम अरुंद घळईत का शिरते? आणि पाणी दुधात राख कालवल्यासारखं का दिसत होतं?

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली निम्मीअधिक वर्षं मुलांना घेऊन हिमालयात हिंडलो. पुष्पावतीच्या काठी सात वेळा जाणं झालं. दर खेपेला कोणीतरी हाच प्रश्न विचारतं, आणि ज्या तुकडीत कोणीच विचारत नाही त्या तुकडीचं मला जरा वाईट वाटतं. तेव्हा ताई, चिरंजीवांना आधी शाबासकी द्या.

उत्तर एका ओळीचं आहे. ती दरी त्या नदीने कोरलेलीच नाही, बर्फाने कोरली. हिमनदी वितळून मागे सरकली आणि मालक गेलेल्या वाड्यात एखादा बिऱ्हाडकरू राहावा तशी पुष्पावती तिथे राहायला आली. पण हे उत्तर पाठ्यपुस्तकातही आहे, नदीच्या दरीचा 'व्ही' आणि हिमनदीच्या दरीचा 'यू' अशा दोन आकृत्यांसकट, आणि मुलं ते पाठ करून तीन गुण मिळवतातही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बर्फाला एवढी जागा लागली कशाला?

लालबागच्या राजाचं विसर्जन डोळ्यांसमोर आणा. लालबागहून गिरगाव चौपाटी एरवी टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. विसर्जनाच्या दिवशी त्याला वीस-वीस तास लागतात. आणि रस्ता कसा भरतो? या दुकानाच्या फळीपासून त्या दुकानाच्या फळीपर्यंत, मध्ये तसूभर जागा नाही. तीच माणसं लोकलमध्ये बसवली असती तर दोन रुळांवरून तासा-दोन तासांत पार झाली असती. वेग कमी झाला की तेवढ्याच गर्दीला रुंदी जास्त लागते, आणि ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत जाते. हिमनदीचं सगळं शास्त्र यात आलं म्हणायला हरकत नाही.

आता हेच आकड्यांत. हिशेबापुरतं धरू की पुष्पावतीतून सेकंदाला सरासरी ५ घनमीटर पाणी जातं. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर पाच मीटर रुंद आणि एक मीटर खोल पात्र पुरे. दहिसर नदीच्या एखाद्या पुलाखालून मजेत जाईल इतकं. आता तेवढंच पाणी पाणी म्हणून न वाहता बर्फ म्हणून सरकतंय असं समजा. डोंगरी हिमनद्या वर्षाला वीस-तीस-पन्नास मीटर सरकतात, चांगली तगडी असेल तर शंभर-दीडशे. आपण शंभर धरू. वर्षात सेकंद असतात ३ कोटी १५ लाखांच्या आसपास. म्हणजे वर्षाचं पाणी झालं पावणेसोळा कोटी घनमीटर. ते वर्षाला शंभर मीटरच्या चालीने पुढे न्यायचं तर जागा लागेल जवळजवळ १६ लाख चौरस मीटर. दोन किलोमीटर रुंदीच्या दरीत ८०० मीटर जाडीचा बर्फ! प्रत्यक्षात एवढी जाडी लागत नाही. बराच बर्फ वाटेतच वितळतो आणि तळातून पाणी होऊन निसटतो. पण प्रमाण ध्यानात आलं ना? पाच चौरस मीटर कुठे आणि लाखांत चौरस मीटर कुठे.

म्हणून वाटाड्याचं म्हणणं बरोबर नाही, निदान तो म्हणतो त्या अर्थाने नाही. नदी मोठी असायची काही गरज नव्हती. आकाशातून पडणारं तेवढंच होतं, कदाचित कमीही असेल, कारण हिमयुगाच्या ऐन थंडीत आपला मोसमी पाऊस दुबळा झाला होता. फक्त पडलेलं हिम उन्हाळ्यात वितळून जायचं त्याऐवजी साचत राहिलं, दबून बर्फ झालं आणि आपल्याच वजनाने मुंगीच्या पावलांनी निघालं. वाटाड्याच्या बाजूने एक सांगतो. हिमयुग ओसरताना साठलेला बर्फ वितळला, तेव्हा काही काळ नदीला आजच्यापेक्षा बरंच पाणी असणार. तळातला पुष्कळसा गोटा त्या पाण्याने इकडचा तिकडे केला. पण भिंती त्याने उभ्या केल्या नाहीत.

बर्फासारखी मऊ वस्तू दगड कापते कशी, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नुसता बर्फ काहीच कापत नाही. सुताराकडचा पॉलिश पेपर पाहा. कागद मऊच असतो, काम करते ती त्यावर चिकटवलेली खर. हिमनदीच्या तळाशी आणि कडेला दगडगोटे गोठून अडकलेले असतात. वर शेकडो मीटर बर्फाचं ओझं, आणि हजारो वर्षं तीच रगड. दुसरं काम याहून धसमुसळं आहे. तळातलं पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, गोठतं, भेग फाकवतं, आणि सुटलेला तुकडा बर्फ उचलून घेऊन जातो. हे दोन्ही उद्योग तळाला चालतात तसे बाजूच्या भिंतींनाही चालतात. नदीचं तसं नाही. नदी ही करवत. ती पात्राच्या चिंचोळ्या पट्टीतच खाली खाली कापत जाते, वरचे उतार मग आपोआप ढासळतात आणि 'व्ही' तयार होतो. हिमनदी हा रंधा, तोसुद्धा दरीच्या रुंदीएवढा. तिच्या मापाने पाहिलं तर ही दरी मोठी नाहीच. ते हिमनदीचं नेहमीच्या मापाचं पात्र आहे. आपण उभे असतो पात्राच्या तळाशी आणि म्हणतो, केवढी दरी!

भूगोल थोडा सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं जुळेल. ही दरी उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात. पुष्पावती निघते टिपरा हिमनदीतून. गढवालात हिमनदीला 'बमक' म्हणतात, म्हणून जुन्या नकाशांत 'टिपरा बमक' दिसेल. गौरी पर्बत, रताबन ही शिखरं तिच्या डोक्यावर. नदी साधारण पश्चिमेकडे वाहत येते. फुलांचा मुख्य पट्टा ३,२०० ते ३,६०० मीटर उंचीवर आहे. घांगरियाजवळ, तीन हजार मीटरच्या आसपास, तिला हेमकुंडाकडून येणारी लक्ष्मणगंगा भेटते. दोघी मिळून भ्यूंडारच्या दरीतून उतरतात आणि गोविंदघाटला, म्हणजे १,८०० मीटरच्या जरा वर, अलकनंदेत जातात. १९३१ साली कामेट शिखर चढून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार धौलीच्या खोऱ्यातून भ्यूंडार खिंड ओलांडून या दरीत उतरले, तेव्हापासून हे नाव जगात झालं. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. सहलवाल्यांच्या एका पत्रकावर मी 'पुष्पावतीने लाखो वर्षांत कोरलेली दरी' असं वाचलं होतं. कळवलं. पुढच्या वर्षीच्या पत्रकात 'करोडो वर्षांत' झालं होतं.

आता पुराव्याचं. बर्फ तिथे होता हे कशावरून? याचं उत्तर वर शिखरांकडे बघून मिळत नाही, पायवाटेच्या कडेला मिळतं. दरीत शिरल्यावर पायवाट जिथे एखाद्या उंचवट्याला कापून जाते तिथे थांबायचं आणि कापलेली बाजू बघायची. मी मुलांना दहा मिनिटं नुसतं बघायला लावतो, वहीत काही लिहायचं नाही. हळूहळू दिसायला लागतं. पिठासारखी माती, त्यात सुपारीएवढे खडे, नारळाएवढे गोटे, मध्येच फ्रीजएवढा एक धोंडा, आणि सगळं एकमेकांत कालवलेलं. थर नाही, क्रम नाही. गोट्यांच्या कडा अजून टोकदार, काहींच्या एका अंगाला मात्र घासून केलेला सपाट चेहरा. हा हिमोढ, हिमनदीने आणून टाकलेला गाळसाळ. नदी असं कधीच टाकत नाही. नदी म्हणजे सुगरण बाई, ती पाखडते, चाळते, निवडते. जड गोटे इथे, वाळू पुढे, गाळ त्याच्याही पुढे, आणि सगळे गोटे गुळगुळीत. बर्फाला निवडणं माहीत नाही. मुक्काम आला की गोण उलटी करून मोकळा.

एका खेपेला घाटकोपरची एक मुलगी, गवंडीकाम करणाऱ्या बापाची लेक, तो कापलेला उंचवटा पाहून पटकन म्हणाली, "सर, हे तर डंपरने टाकलेलं वाटतं. नदीची रेती अशी नसते, ती चाळलेली येते." मी तीस वर्षांत दिलेल्या सगळ्या व्याख्या तिथे फिक्या पडल्या.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मुलगा उद्या लोणावळ्याला जाऊन तिथेही हिमनदी शोधेल. 'लहान नदी, मोठी दरी' एवढ्यावरून बर्फ सिद्ध होत नाही. आपल्या मावळातच बघा. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ. इंद्रायणी लोणावळ्यापाशी, कड्याच्या अगदी काठावर उगम पावते, आणि उगमाजवळच तिची दरी ऐसपैस, रुंद. एवढंसं पाणी, एवढी जागा. तिथे कधी बर्फ नव्हता. त्याचं कारण वेगळं मानतात. सह्याद्रीचा कडा एके काळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. कोकणाच्या बाजूने तो झिजत झिजत पूर्वेला सरकला आणि देशावर वाहणाऱ्या नद्यांची डोकी खाऊन टाकत आला. वरचा भाग, पाणी आणणारा, गेला. खालची दरी तेवढी जुन्या मापाची राहिली. म्हणजे पवनेचं, इंद्रायणीचं नशीब वाटाड्याच्या वाक्यात बसतं. तिथे नदी खरंच पूर्वी मोठी असावी. पुष्पावतीच्या बाबतीत ते बसत नाही. आकार दोन्हीकडे सारखा, कहाणी मात्र पार निराळी. म्हणून हिमोढ बघायचा, घासलेला खडक बघायचा, बाजूचे ओढे तळाला सरळ येऊन मिळतात की वरूनच धबधबा होऊन पडतात ते बघायचं. नुसत्या रुंदीवर निकाल द्यायचा नाही.

आता घळई. घांगरिया सोडून तुम्ही दरीकडे निघता तेव्हा आधी अरुंद, अंधारी, आवाजाने भरलेली जागा लागते. पुलावरून नदी ओलांडायची, मग छाती काढणारी चढण, आणि वर पोचलं की पडदा बाजूला व्हावा तशी दरी उघडते. बहुतेक लोक या चढणीला शिव्या देत चढतात. पण अख्ख्या सहलीतलं भूगोलाचं सर्वांत मोलाचं ठिकाण तेच.

बर्फ दरीचा तळ एकसारख्या उताराने कोरत नाही. खडक जिथे भेगाळलेला तिथे खोल खणतो, जिथे घट्ट तिथे उंबरा सोडतो. हिमनदीला त्याचं काही वाटत नाही, ती उंबरा चढूनही पुढे जाते, कारण मागून ढकलणारं ओझं असतं. पाण्याला उंबरा चढता येत नाही. बर्फ गेल्यावर नदीला त्या उंबऱ्यातून वाट पाडावीच लागते, आणि वाट पाडायची तिची हत्यारं ठरलेली. करवतीसारखी ती एका पट्टीत कापत जाते. शिवाय दोन दऱ्या मिळतात तिथे दोघींचे तळ एका पातळीवर असतीलच असं नाही. बर्फ होता तोवर वरून सगळं सपाट दिसत होतं, तो गेल्यावर एक दरी दुसरीच्या वर टांगलेली राहते. पाठ्यपुस्तकातली लोंबती दरी ती हीच, आणि फुलांच्या या दरीचं वर्णनही तसंच केलं जातं. म्हणजे वरची रुंद दरी बर्फाची आणि खालची घळई नदीची. तुम्ही जी दमछाक करत चढलात ती पुष्पावतीची स्वतःची कमाई. तिने काय कोरलं हे बघायचं असेल तर दरीत नाही, पुलावर उभं राहून खाली बघायचं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर पाणी आणि गोटे मिळून खडक कसा घोटतात हे सांगायला नको.

याच गोष्टीचा मोठा नमुना हवा असेल तर गंगोत्रीच्या वाटेवर आहे. गंगोत्री हिमनदीचं मुख आज गोमुखाला, पण शेवटच्या हिमयुगातल्या तिच्या मोठ्या विस्ताराच्या वेळी ती साधारण ४० किलोमीटर खाली, झाला गावापर्यंत पोचली होती असं संशोधक सांगतात. हर्षिलच्या आसपास भागीरथी रुंद, सपाट तळावर फाटे फुटून रमतगमत वाहते, आणि झालाच्या खाली डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. चारधामला गेलेल्या हजारो मराठी माणसांनी बसच्या खिडकीतून हा बदल पाहिलेला आहे. बर्फाची हद्द कुठे संपली, ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त कोणी सांगितलं नाही.

दरीच्या तळाबद्दल थोडं, कारण फुलांचं गुपित तिथे आहे. 'यू' आकार म्हटलं की मुलं वहीत गुळगुळीत घमेलं काढतात. खऱ्या दरीत तो तळ दिसतच नाही. भिंतींवरून उतरणाऱ्या प्रत्येक नाल्याने आपापला गोटा पंख्याच्या आकारात पसरवून ठेवलेला असतो. हिवाळ्यात आणि वसंतात हिमकडे कोसळतात, तेही आपली भर टाकतात. पायवाटेवर तुम्ही जे नाले ओलांडले, त्यांतल्या एखाद्यावर जुलैतही मळका बर्फ असेल आणि खालून पाणी वाहत असेल. त्या बर्फाच्या पुलावर फोटोसाठी उभं राहू नये, एवढं जाता जाता सांगतो. वरून जाड दिसतो, आतून पोखरलेला असतो. हे पंखे आत घुसतात तसं नदीला अंग चोरून समोरच्या भिंतीकडे सरकावं लागतं. पाहुण्याने दिवाणखाना अडवावा आणि घरच्याने कोपऱ्यात बसावं तसं. नदीची सगळी वळणं तिची स्वतःची नाहीत, पुष्कळशी नाल्यांनी लादलेली आहेत.

आणि फुलं? वृक्षांची हद्द या भागात साधारण साडेतीन हजार मीटरच्या आगेमागे आहे. म्हणजे दरीच्या खालच्या भागात खरं तर जंगल असायला हवं. नदीच्या डाव्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून असलेल्या उतारावर ते आहेही, भूर्जाचं, ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहीत. पण उन्हाच्या बाजूला मोठे पट्टे मोकळे आहेत. हिमकडे पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या उतारावर झाड टिकत नाही, मोडून जातं. हिवाळ्यात जमिनीत दडून बसणारं आणि बर्फ गेला की आठ-दहा आठवड्यांत फुलून, बी टाकून मोकळं होणारं एवढंच तिथे निभावतं. तुम्ही ज्याचे फोटो काढलेत तो फुलांचा गालिचा बराचसा हिमकड्यांनी राखलेला आहे. नदीच्या अगदी काठच्या गोट्यांत जांभळट गुलाबी फुलांचे बुटके झुपके दिसले असतील. बाकीची फुलं जिथे मुळं धरायला कचरतात त्या कोऱ्या गोट्यांवर ते आधी येतं. इंग्रज त्याला 'रिव्हर ब्युटी' म्हणतात. आपण बारसं केलं असतं तर बहुधा 'गोटेफूल' म्हटलं असतं.

पाण्याचा रंग. यासाठी मी दर खेपेला एक प्रयोग करतो, खर्च एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीचा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला नदीचं पाणी भरून घ्यायचं आणि घांगरियाच्या खोलीत खिडकीत ठेवून द्यायचं, हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी बरंचसं निवळलेलं असतं, तरी किंचित धुरकट राहतंच, आणि तळाशी करड्या रंगाचा पातळ थर बसलेला असतो. पाणी ओतून तो थर बोटांत चोळून बघायचा. वाळू लागत नाही. तांदळाची पिठी, त्याहूनही मऊ, आणि बोट उन्हात धरलं की त्यात बारीक चमचम, ती अभ्रकाची. हे खडकाचं पीठ. वर हिमनदीच्या जात्यात दळलं जातं आणि पाण्याबरोबर येतं. कण इतके बारीक की ते बसायला तासन् तास घेतात, आणि तरंगत असताना प्रकाश विखरतात, म्हणून पाणी दुधाळ दिसतं. ऑक्टोबरच्या अखेरीला गेलात तर तीच नदी काचेसारखी दिसेल. जातं थांबलेलं असतं असं नाही, पीठ वाहून आणणारं वितळपाणी आटलेलं असतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. अशा नदीला रोजची भरती-ओहोटी असते. चंद्राशी संबंध नाही, सूर्याशी आहे. सकाळी थंडी, वितळणं थांबलेलं, पाणी कमी. ऊन चढतं तसं वर वितळायला लागतं, ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, आणि दुपार उलटल्यावर, संध्याकाळकडे पाणी सर्वांत जास्त. सकाळी ज्या ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं त्यात परतताना मांडीएवढं असू शकतं. हिमालयात ओढे सकाळी ओलांडायचे हा नियम कोणा साहेबाने घातलेला नाही, मेंढपाळांना तो कायमच ठाऊक होता. एका खेपेला मी स्वतः घड्याळाकडे न बघता अठरा मुलं घेऊन एका नाल्यापलीकडे रमलो. परतताना साखळी करून उतरावं लागलं आणि एका मुलाचा बूट वाहून गेला. तो मुलगा आता स्वतः मोहिमा नेतो आणि हा किस्सा माझ्यासमोरच सांगतो.

रोजच्या या चढउतारावर जुलै-ऑगस्टचा पाऊस येऊन बसतो तेव्हा मात्र लहान नदी लहान राहत नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ज्या मिठीला लोक नाला म्हणत होते ती नदी आहे हे शहराला कळलं. जून २०१३ च्या पुरात भ्यूंडारच्या दरीतही तेच घडलं. पूल गेले, पायवाट गेली, भ्यूंडार गावाची दैना झाली, गोविंदघाटला अलकनंदेने काठ खाल्ला. फरक इतकाच की मिठीला वाहून न्यायला आपण टाकलेला कचरा होता आणि तिथल्या नद्यांना हिमयुगाने ठेवून दिलेला, सुटा, न चाळलेला गोटा. बर्फाने उभ्या केलेल्या भिंती आणि टाकलेले ढीग पाण्याच्या राज्यात स्थिर नसतात. नदी ते अजून आवरते आहे.

चिरंजीवांनी शेवटी विचारलं आहे की याचा मुंबईशी काही संबंध लावता येतो का, प्रकल्पासाठी. येतो, आणि चांगला येतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी जगभर जमिनीवर इतका बर्फ साठला होता की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे, तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल. म्हणजे वर हिमालयात ही दरी बर्फाने भरलेली होती त्या काळात आजची मुंबई समुद्रकाठी नव्हतीच. इथून मुंबई हायपर्यंत पायी जाता आलं असतं. उल्हास नदी आणखी कितीतरी मैल पश्चिमेला वाहत जाऊन समुद्राला भेटत असणार. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि नद्यांची तोंडं बुडाली. ठाण्याच्या, वसईच्या खाडीत आज जी भरती शिरते ती बुडालेल्या दऱ्यांत शिरते. तिकडे बर्फाने सोडलेल्या जागेत लहानशी नदी आली, इकडे नदीने कोरलेल्या जागेत समुद्र आला.

प्रकल्पाला तुलना म्हणून दहिसर नदीच घ्यायला सांगा, ती तुमच्या घराजवळ आहे. तुळशी तलावापासून मनोरीच्या खाडीपर्यंत सारी बारा किलोमीटरची. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूने जा आणि पात्रात जिथे काळा कातळ उघडा आहे तिथे थांबा. तीन गोष्टी लिहून आणायच्या. काठच्या गोट्यांच्या कडा टोकदार आहेत की गोल. गाळ चाळलेला आहे की कालवलेला. आणि बाजूचे ओहोळ नदीला तळाशी येऊन मिळतात की वरून पडतात. सोबत पुष्पावतीचे फोटो असतीलच. फुलांच्या मागे जे दगड आले असतील ते मोठे करून बघा.